पुजलेला सत्तूर

मी माझ्या थोरल्या भावाचा गळा दोन हजार तीनशे सोळा वेळा कापला. हा आकडा माझ्या कानामागच्या चकतीनं मोजलेला आहे, आणि सरकारी वकिलांनी तो कोर्टात तीनदा वाचून दाखवला, दर वेळी आवाज थोडा चढवून. त्यांतली एकही वेळ खरी नव्हती, हे सांगायला मला सव्वा वर्ष लागलं.

माझं नाव धैर्यशील. नाव ठेवणाऱ्यांनी पुढे कपाळावर हात मारून घेतला असेल, कारण कोल्हापुरात तीन पिढ्या मटणाचं दुकान चालवणाऱ्या घरात मी सुरीला घाबरणारा निपजलो. आता सुपरमार्केटात प्रयोगशाळेत वाढवलेलं मटण पाकिटातून मिळतं, तरी रविवारी आमच्या दारात रांग असतेच. कोल्हापूरकर बाकी सगळं नवं घेईल, पण ज्याला हाड नाही त्याला तो मटण म्हणणार नाही. आमचे वडील, म्हणजे आबा, बकरं पारखून आणायचे. माझा थोरला भाऊ संग्राम ओंडक्यावर सत्तूर चालवायचा. मी वजन करायचो, पिशव्या बांधायचो आणि सत्तूर दिसला की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहायचो. गिऱ्हाइकांना वाटायचं, पोरगं फार नम्र आहे.

मी सोळा वर्षांचा असताना दादाच्या मागून जाताना डोक्यात एक चित्र आलं. माझा हात, हातात सत्तूर, समोर दादाची मान. मग घाव, आणि ओंडक्यावरून खाली फरशीवर येणारं रक्त. असली चित्रं सगळ्यांनाच येतात, असं मला फार पुढे कळलं. उंच पुलावर उभं राहिलं की उडी मारावी असं क्षणभर वाटतं आणि माणूस ते विसरून चहा प्यायला जातो. माझं चित्र गेलंच नाही. दादावर माझा जीव होता, म्हणून तर ते मला जास्त छळायचं. मी रोज सकाळी त्याची मान बघून यायचो. मान जागेवर असायची. तरी दहा मिनिटांनी पुन्हा जायचो. वहिनींना विचारायचो, मी काही केलं नाही ना? त्या पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या, नाही केलं. दिवसातून चाळीस वेळा विचारायचो आणि त्या बिचाऱ्या चाळीस वेळा सांगायच्या.

यातली खरी चीड आणणारी गोष्ट वेगळीच होती. ज्याच्या हातून कधी मुंगी मेली नाही तो मी रात्रंदिवस स्वतःला खुनी समजत होतो, आणि दादा, जो आठवड्यातून दोनदा सुप्रिया वहिनींना लाथाबुक्क्यांनी तुडवायचा, तो आडवा झाला की दोन मिनिटांत घोरायला लागायचा. एकदा त्यानं त्यांचं मनगट मोडलं. जेवणात मीठ जास्त पडलं होतं. आबा तेव्हा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते, आणि त्यांनी पान उलटलेलं मी पाहिलं. पण घरात डॉक्टरकडे न्यायचं कुणाला ठरलं? मला.

डॉक्टर कल्याणी हेरवाडकर स्पष्ट बोलणाऱ्या बाई होत्या. प्रत्येकाच्या मेंदूत काहीतरी चुकलं असं सांगणारी एक घंटा असते, असं त्यांनी मला समजावलं. कपाळाच्या मागे, डोळ्यांच्या वर एक भाग आहे. तिथून मेंदूच्या आतल्या गाठीपर्यंत आणि तिथून परत अशी एक वाट आहे. घंटा वाजली की माणूस बघून येतो, आतली गाठ सांगते की बघून झालं, पुढे चला, आणि घंटा थांबते. माझ्या त्या वाटेवर चेतवणारं रसायन जास्त होतं आणि शांत करणारं कमी. त्यामुळे मी कितीही वेळा बघून आलो तरी बघून झालं हा निरोप पोचतच नव्हता. गोळ्यांनी हे थोडंफार सुधारतं, पण गोळीचं औषध टाळूपासून टाचेपर्यंत सगळीकडे पसरतं. नवीन उपाय नेमका होता. आठवड्यातून एकदा दंडात सुई द्यायची. त्यातून रक्तात अतिसूक्ष्म कुप्या सोडायच्या, औषधानं भरलेल्या. त्या अंगभर फिरतात आणि काहीच करत नाहीत. कानामागे चिकटवलेली चकती मेंदूतली घंटा ऐकते, आणि ती वाजली की माणसाला ऐकू न येणारा ध्वनी त्या एवढ्याशा वाटेवर एकवटते. तिथल्याच कुप्या फुटतात, औषध तिथंच सांडतं. दोन-तीन मिनिटांत घंटा उतरते.

चकती प्रत्येक घंटेची वेळ आणि जोर लिहून ठेवायची. डोक्यात काय आलं ते मी फोनमध्ये बोलून नोंदवायचं. मी इमानदारीत सगळं बोललो. दादाचा गळा, दादाचा गळा, दादाचा गळा, आबांचं पोट, दादाचा गळा. आज वाटतं, इतकी इमानदारी बरी नव्हे.

डॉक्टरांचं दुसरं म्हणणं असं की रसायन बदलून नुसती उसंत मिळते, त्या उसंतीत वाट बदलायची ती सवयीनंच. म्हणून त्यांनी मला अभ्यास दिला. रोज वीस मिनिटं, घरातलं कुणीतरी जवळ असताना, सत्तूर हातात घेऊन उभं राहायचं. घंटा निम्म्यावर येईपर्यंत खाली ठेवायचा नाही, मी काही केलं नाही ना असं कुणाला विचारायचं नाही, आणि एकही दिवस चुकवायचा नाही. वहिनी माझ्याजवळ भाजी निवडत बसायच्या. दहा महिन्यांत मी इतका सुधारलो की एका रविवारी मी अर्धा किलो मटण स्वतः तोडून दिलं. तुकडे ओबडधोबड झाले आणि गिऱ्हाईक कुरकुरलं, पण वहिनींनी त्या दिवशी शिरा केला.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे घरातलं एकूणएक पातं पुजायला बसतं. विळी, सुऱ्या, तिन्ही सत्तूर धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडू वाहून पाटावर मांडायचे. दसऱ्याच्या सकाळी घरातला कर्ता उचलेपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि मी डॉक्टरांना सांगायचं विसरलो. दुपारी अडीच वाजता माझ्या अभ्यासाची वेळ झाली आणि घरात एकही मोकळं पातं नव्हतं. माझा जीव वर-खाली व्हायला लागला. वहिनी म्हणाल्या, “पाटावरचा थोरला घ्या भावजी. वीस मिनिटांनी परत ठेवू. देवाला कळतंय की औषधासाठी घेतलाय ते.” त्यांनीच तो उचलून माझ्या हातात दिला.

आम्ही दुकानाच्या मागच्या खोलीत होतो. दादा झोपेतून उठून पाणी प्यायला आला आणि माझ्या हातातला कुंकू लावलेला सत्तूर बघून दारातच थांबला. पुजलेलं कुणी उचललं, असं त्यानं शांतपणे विचारलं. वहिनी म्हणाल्या, मी दिला.

त्यानं त्यांचे केस धरले आणि त्यांचं तोंड ओंडक्यावर आपटलं. ओंडक्यावर झेंडूचा हार होता. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा दात तुटल्याचा आवाज आला. तिसऱ्यांदा त्या ओरडल्या नाहीत. मग त्यानं त्यांना फरशीवर पाडलं, छातीवर गुडघा ठेवला आणि दोन्ही हातांनी गळा दाबला. मी तीन हात अंतरावर उभा होतो. चकती कानामागे सारखी थरथरत होती. दादाची मान माझ्यासमोर वाकलेली होती, तेरा वर्षं दिसत होती अगदी तशी. त्याला ओढायला पाऊल टाकलं तर ते पाऊल त्या मानेच्या दिशेनंच पडणार होतं, आणि सत्तूर खाली ठेवायला माझी बोटं उघडत नव्हती. वहिनींच्या टाचा फरशीवर घासत होत्या. मी हललो नाही. याची लाज मला आजही आहे आणि ती कुठल्याही औषधानं जाऊ नये असं वाटतं.

त्यानंतरचं मला नीट सांगता यायचं नाही. सांगता यायचं ते एवढंच, की दादा वहिनींच्या अंगावर पडला होता, मान अर्धी तुटलेली, आणि रक्त फरशीच्या उतारानं मोरीकडे चाललं होतं. सत्तूर माझ्या हातात होता आणि कोपरापर्यंत मी भिजलो होतो. समोर आबा उभे होते. ते म्हणाले, “धैर्या, काय केलंस रं हे?”

मी खाली बघितलं. माझा हात, हातात सत्तूर, समोर दादाची मान. हे चित्र मला तोंडपाठ होतं. मी आबांना म्हणालो, व्हय, मीच केलं.

पोलिसांनी चकती पुरावा म्हणून काढून घेतली. दोन दिवसांत कुप्या रक्तातून निघून गेल्या आणि घंटा अशी सुटली की मी कबुलीजबाब द्यायला लागलो तो थांबेचना. घाव कसा घातला, किती जोरानं, मनात काय होतं, विचारतील ते सांगितलं. आमच्या भागातला एक माणूस दोन वर्षांमागे बेपत्ता झाला होता, त्यालाही बहुतेक मीच मारलं असावं, असंही मी इन्स्पेक्टरांना सुचवलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला चहा पाजला. वहिनी अकरा दिवस बेशुद्ध होत्या. त्या वाचल्या, पण डावा कान गेला. त्यांना शेवटचं आठवत होतं ते फरशीचं गार लागणं. म्हणजे काय झालं हे सांगू शकणारे दोघंच उरले, आबा आणि मी. त्यांतला मी तर सगळं कबूल करून बसलो होतो.

आठ महिन्यांनी डॉक्टर हेरवाडकरांच्या अर्जावरून कोर्टानं मला तुरुंगात चकती लावायला परवानगी दिली. तिसऱ्या आठवड्यात, भटारखान्यात लसूण सोलताना, मला एकदम उजव्या हाताच्या बोटांची आठवण झाली. कुणीतरी ती सत्तुराच्या मुठीवरून एकेक करून उघडत होतं. करंगळी आधी. त्या माणसाच्या अंगठ्याला नख नव्हतं. मग माझा हात रिकामा होता आणि मी तो रिकामा हात बघत होतो. एक जड आवाज झाला. मग मूठ पुन्हा माझ्या तळव्यात दाबली गेली, आणि या वेळी ती ओली आणि गरम होती.

आबांच्या उजव्या अंगठ्याचं नख तरुणपणी बोकड धरताना गेलं, ते परत आलं नाही.

मी लसणाची पाटी तशीच ठेवून बसलो. ते सगळं मला पहिल्यापासून आठवत होतं. माझ्यासारख्यांची आठवण कच्ची नसते, तिच्यावरचा भरवसा कच्चा असतो, असं डॉक्टर कधीतरी म्हणाल्या होत्या. पाहिलेलं आणि भीतीनं रंगवलेलं यांतलं कुठलं खरं ते मला ठरवता यायचं नाही, म्हणून मी नेहमी जास्त भयंकर असेल तेच खरं मानायचो. पण दोन हजार तीनशे सोळा चित्रांत सत्तूर माझ्या हातात होता. हात रिकामा असलेलं हे एकच होतं. त्यात मी दादाला मारत नव्हतो, नुसता बघत होतो.

आबा दर पंधरवड्याला भेटायला यायचे. काचेपलीकडे बसायचे, तब्येत विचारायचे, दुकानाचं सांगायचे, आणि उठता उठता म्हणायचे, झालं ते झालं, मनाला लावून घेऊ नको. पुढच्या वेळी ते आले तेव्हा मी त्यांना सरळ सांगितलं की माझ्या हातातून सत्तूर तुम्ही घेतला होता. त्यांनी खुर्ची काचेजवळ ओढली. मग आवाज न चढवता बोलले.

“बाईंनी तुझ्या डोक्यात औषध सोडलंय. त्यानं पाप धुतल्यागत वाटतंय तुला. वाटू दे. बरं वाटतंय न्हवं, मग झालं.”

“आबा, मला बरं वाटायचं नाही. मला खरं पाहिजे.”

“खरं तुझ्या फोनात हाय, दोन हजार वेळा.” ते उठले. “तुला डाक्टरचा कागद हाय, धैर्या. तुला सोडत्यात. सुप्रियाला, दुकानाला मी बघतो. उगंच चार डोकी खड्ड्यात घालू नगोस.”

त्या रात्री मला झोप आली नाही, कारण म्हातारा हुशार होता आणि त्याचं म्हणणं खोटं ठरवता येत नव्हतं. मी डॉक्टरांना विचारलं, समजा मी खरंच खून केला असता, तर त्याची घंटासुद्धा चकतीनं उतरवली असती का? त्यांनी उत्तर टाळलं नाही. म्हणाल्या, उतरवली असती. घंटा खऱ्या पापाची की खोट्या, हे चकतीला कळत नाही, ती सगळ्याच उतरवते. मी कबुली मागे घेतोय असं कळवल्यावर सरकारी वकिलांनीही कोर्टात हाच मुद्दा मांडला. आरोपीचं यंत्र त्याची टोचणी पुसतं, तर यंत्र लावून त्यानं गुन्हा नाकारण्याला अर्थ काय?

म्हणून माझ्या जबानीच्या तीन दिवस आधी मी चकती काढायला सांगितली. डॉक्टर चिडल्या. तुम्हाला वर काढायला मी जीव टाकलाय आणि तुम्ही पुन्हा उडी मारताय, असं म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच्या हातांनी ती काढली, आणि काढताना त्यांचे डोळे भरून आले होते.

तिसऱ्या दिवशी कोर्टात उभा राहिलो तेव्हा घंटा कानठळ्या बसतील अशी वाजत होती. न्यायाधीशांच्या मानेवर घाव, टंकलेखक बाईंच्या मानेवर घाव, तिसऱ्या बाकावर बसलेल्या आबांच्या पोटात सुरी. घामानं माझा शर्ट पाठीला चिकटला होता. एक वाक्य बोललं की हे सगळं थांबणार होतं, मीच मारलं. ते वाक्य जिभेवर आलेलं होतं. मी कठडा धरला.

“मी दादाला मारलं नाही,” मी म्हणालो. “आबांनी माझ्या हातातून सत्तूर काढून घेतला, घाव घातला आणि सत्तूर माझ्या हातात परत दिला. वहिनींचा जीव वाचवायला मारलं. मी नुसता उभा होतो.”

बोलल्याबरोबर घंटा दुप्पट झाली. खोटारडा, बापावर घालतोस, परत घे, परत घे. सरकारी वकील पुढे आले. शाळेच्या वर्गात विचारतात तसं त्यांनी सावकाश विचारलं, “तुम्हाला याची खात्री आहे?”

चौदा वर्षं मी याच प्रश्नाचं उत्तर शोधत होतो. दादाच्या मानेवर, वहिनींच्या तोंडून, चकतीच्या नोंदीत. कुणालाच ते देता आलं नव्हतं, आणि आता ते कुणाकडे मागायचीही माझी इच्छा राहिली नव्हती.

“नाही,” मी म्हणालो. “खात्री मला कशाचीच नसते साहेब, तो माझा आजार आहे. या क्षणालासुद्धा मला वाटतंय की मीच मारलं. पण मी मारलेलं नाही, आणि हे विधान मी परत घेणार नाही.”

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी कठड्याला इतका रेटा दिला की तो खडखडायला लागला, आणि मी तेच सांगितलं. मागच्या बाकावर कुणीतरी हुंदका दिला. वळून बघितलं तर वहिनी होत्या, चांगला कान पुढे करून बसलेल्या. बघून झालं, आणि मी पुन्हा समोर वळलो.

तेव्हा आबा उभे राहिले. शिपायानं बसा म्हटलं तर ते बसले नाहीत. न्यायाधीशांनी सांगितलं तरी बसले नाहीत.

“त्याला पाणी द्या कुणीतरी,” ते म्हणाले. “किती वेळा इचारताय पोराला. सत्तूर मी घेतला हुता त्याच्या हातातनं. बोटं सोडत नव्हता, एकेक उघडाय लागलं.”

कोर्टात एकच गलका झाला. पोलीस आबांच्या दोन्ही बाजूंना जाऊन उभे राहिले. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांची हनुवटी हलत होती.

मला कठड्यावरून उडी मारून त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. त्यांच्या तोंडावर ठोसा मारावा, पडले की आणखी मारावा. हे घंटेचं नव्हतं. त्या माणसानं आपला खून माझ्या हातात दिला होता, आणि सव्वा वर्ष दर पंधरवड्याला येऊन तो माझ्यापाशीच आहे ना, हे बघून जात होता. मला बापाचा राग आला होता, कुणालाही येईल तसा. मी खाली बसलो आणि शिपायानं आणलेलं पाणी प्यायलो.